छत्रीच्या सीनमधलं हसू

नाही, नाही, छत्रीचं मला सांगू नका काका, छत्रीचं तोंडपाठ आहे — मी विचारतोय, ती हसली कशाला? हे कुणीच सांगत नाही. सगळे छत्रीवर येऊन थांबतात. बोटीवर वारं सुटलं, हिरोची छत्री उलटी झाली, सरळ करायला गेला तर काडी त्याच्याच नाकात, आणि हिरॉइनला खरंखुरं हसू फुटलं, डायरेक्टरने कॅमेरा बंदच केला नाही — हेच ना? तुम्ही तेच वाचलंय, आमच्या मालकांनीही तेच वाचलंय, समोरच्या टीव्हीच्या दुकानातला पोरगा गिऱ्हाइकाला तेच ऐकवतो. हिरॉइन स्वतः मुलाखतीत सांगते, दर वेळी थोडं वाढवून — आधी नुसती काडी गेली होती, आता रक्तही आलं होतं म्हणे. सांगू दे. छान सांगते. पण तुमचा फोन वाजला की जी हसते ना, ती ती नव्हेच. ती माझी ताई आहे.

बसा. उठलात का? बसा हो, स्टूल हलतं पण पडत नाही. तुमच्या फोनचा स्पीकर इथे उघडा पडलाय, तुम्ही जाणार कुठे — आणि मी तरी कुठे जाणार? ही बघा ना जागा, जिन्याखालची. पुढून हे काचेचं कपाट लावलं की मालकांनी सरकवल्याशिवाय मला बाहेर पडता येत नाही. लघवीला जायचं तरी हाक मारायची, गिऱ्हाइकांसमोर. आणि तोंडासमोर टीव्हीचं दुकान. नवीन टीव्हीचा आवाज कसा आहे ते दाखवायला त्यांना दुसरा सीन सापडत नाही, छत्रीचाच लावतात, दिवसभर. भिंतभर टीव्ही एकदम हसतात. मी इथे स्क्रू पकडून बसलेला. हात हलला की स्क्रू गेला, मग शोधा.

वेडा नाही मी. खोटं वाटतंय ना? वाटू दे, सगळ्यांना वाटतं. ताई डबिंगला जायची. मोठी आर्टिस्ट-बिर्टिस्ट नाही, गर्दीतली. म्हणजे पडद्यावर बाजार असतो, आग लागते, त्यात मागची माणसं ओरडतात ना — ती ताई, आणि तिच्यासारखे पाच-सहा जण, एका माइकभोवती. पाणी आणा, पकडा त्याला, अहो डॉक्टर! एका पिक्चरमध्ये ती दोनदा बाळंत झाली आणि ते बाळही तीच झाली. तान्ह्या पोराचं रडणं तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही. घरी आली की आई विचारायची, आज काय गं केलंस? आज दोनदा मेले, एक चोर पकडला, भूक लागलीय, वाढ. आई म्हणायची, मेलेल्यांना गार चालतं. असं होतं आमच्या घरी. आता मी आणि आई बसतो तर घास गिळल्याचा आवाज येतो.

तर तो सीन. बोटीवर इंजिनाचा एवढा आवाज, की तिथलं बोलणं-हसणं सगळं फुकट गेलेलं. मग हिरॉइन स्टुडिओत आली, वाक्यं बोलली, हसली आणि गेली परदेशात. आणि नंतर सगळं जुळवायला बसले तेव्हा डायरेक्टर म्हणाला, हे हसणं आहे का चूळ भरतेय? पिक्चर लागायची वेळ आलेली, हिरॉइन तिकडे. तेव्हा रेकॉर्डिस्ट म्हणाला, त्या गर्दीतल्या मुलीला बघू या का. ताई उभी राहिली. हसली — नको. परत हसली — नको. डायरेक्टर वैतागला. ताई म्हणाली, मला जरा दोन मिनिटं द्या, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठ त्यांच्याकडे. काय आठवलं तिलाच माहीत. मग वळली आणि हसली. रेकॉर्डिस्टने मला स्वतः सांगितलंय, अरे काचेच्या अलीकडे आम्ही सगळे पोट धरून हसत होतो, डायरेक्टरसुद्धा, आणि कशाला हसतोय ते एकालाही माहीत नव्हतं.

तशी ती पुन्हा कधी हसली नाही, असं नाही हां — कुठल्याही पिक्चरमध्ये हसायचं असलं की ती भिंतीकडे बघून आठवलेली तीच गोष्ट आठवायची. कुठली गोष्ट? तेच तर! मी किती मागे लागलो. म्हणायची, सांगितली की संपेल रे, पुरवून वापरतेय. मला वाटायचं माझंच काहीतरी असणार. लहानपणी जिन्याच्या गजांत माझं डोकं अडकलं होतं, आख्खी चाळ जमली होती, ताईने कानांना साबण चोळून काढलं — म्हटलं, ते का? म्हणाली, नाही, पण तेही चांगलं आहे, ठेवते बाजूला. मग आईचं काही? नाही. मग कुणी मुलगा होता का? तर पाठीत धपाटा. मोठा झालास की सांगेन. झालो की मोठा. कुणाला विचारू आता?

हो, कुणाला सांगायचं नाही असं तिला बजावलेलं. हिरॉइनचं हसू हिरॉइनचं. तिला वाईट वाटायचं नाही हो, मला वाटायचं. टीव्हीवर ती बाई छत्रीचं सांगायला लागली की मी उठून जायचो, आणि ताई गालाला हात लावून ऐकत बसायची, म्हणायची, कशी सांगते बघ, मला स्वतःलाच खरं वाटायला लागलंय.

छातीत पाणी झालं तिच्या. तापाचं निमित्त. जाऊन दोन महिने होतील आता. घरात ठेवली होती, माणसं जमलेली, आईला दोन बायका धरून बसलेल्या — आणि मामाचा फोन वाजला. त्याला काय ठाऊक! आमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तो पिक्चरचा वेडा, तुमच्यासारखाच. ताई पुढ्यात पडलेली आणि ताई हसतेय. मामा खिसे चाचपतोय, सापडेना, या खिशात नाही, त्या खिशात नाही, आणि आईने मान वर केली, काका, तोंडावर असं — असं उजाडलं तिच्या. म्हणाली, बघा, उठली. मी मामाच्या शर्टाचा खिसाच फाडला.

माणूस गेलं की निदान गप्प तरी होतं ना हो? माझ्या ताईला तेवढंही नाही. भाजीवालीच्या फोनवर ती, रिक्षात ती, शेजारची पोरं नक्कल करतात ती. पहिल्या आठवड्यात समोरच्या दुकानात गेलो, हात जोडले, बंद करा म्हटलं, हसायला लागले, तर मी सरळ वायर उपटली. टीव्ही खाली आला एक. मालकांनी मिटवलं ते. मला म्हणाले, एक तक्रार आली पुन्हा, की घरी बस. आणि घरी बसून चालणार आहे का? घरी फक्त आई आहे आणि तिच्या गोळ्या.

आणि आता तुम्ही म्हणता, रिंगटोन नवीन घाला. ओरिजिनल! कंपनीने पिक्चर परत काढलाय, आवाज धुऊन-पुसून, आणि हिरॉइन या वेळी स्वतः हसलीय. वाचलं मी, वाचता येतं मला तेवढं. आनंद व्हायला हवा ना मला? दोन महिने हेच मागत होतो, थांबव, थांबव म्हणून. थांबलं! गेल्या आठवड्यात समोर नवीन लावलं. मी खाली मान घालून काम करत होतो, छत्री उलटी झाल्याचा आवाज आला, मी दात आवळले, सवयीने — आणि भलतंच कुणीतरी हसलं. पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं. बरं वाटलं, खरं सांगतो, एक क्षण बरं वाटलं. आणि मग मी ओरडायलाच लागलो, मालक, कपाट सरकवा, सरकवा आधी! त्यांना वाटलं शॉक बसला. बाहेर येऊन काय करणार होतो? उभा राहिलो रस्त्यात. वाटलं ती आत्ता गेली. तेव्हा नव्हती गेली, ही आत्ता गेली. होती तेव्हा ऐकवत नव्हती, आता नाही तर जीव राहीना — धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय माझं.

तेव्हापासून नवीन घाला म्हणून जो येतो त्याला मी घातलं म्हणतो आणि जुनंच ठेवतो. काल एक मुलगी परत आली भांडायला. मालक म्हणाले, ही शेवटची. ते बघा, तिकडे बसलेत पेपर धरून, पण पान उलटत नाहीत मघापासून.

झाला तुमचा स्पीकर. खिशातला कचरा होता नुसता, जाळीत बसलेला. ऐका. कान जवळ आणा — हां, इथे. इथे ती थांबायला बघते, श्वास ओढते, आणि थांबवत नाही तिला, ऐकलंत? आता घरी जाऊन पिक्चरमध्ये बघा, जुन्यात. इथे हिरॉइनचे ओठ मिटलेत. मिटलेल्या तोंडाने बाई हसतेय आणि एवढ्या वर्षांत एकाने विचारलं नाही.

नवीन मी घालणार नाही. तुमच्याशी खोटं बोलवत नाही म्हणून सांगतोय, तोंडावर. दुसरीकडे जा, मिनिटाचं काम आहे. मालकांना सांगायचंय? मीच सांगतो — मालक! यांनाही नाही म्हटलं मी!

आले बघा. सरकवतायत कपाट. एरवी चार हाका मारल्या तरी उठत नाहीत. राहू द्या काका, तुम्ही मध्ये पडू नका, त्यांचंही दुकान आहे. घ्या फोन. जा.

काय? ताईने? हो, तो सीन तिनेही शेवटी एकदा बघितला की. दवाखान्यात. बायकांच्या वॉर्डात भिंतीवर उंच टीव्ही होता, त्यावर लागला. तिच्या घशात नळी, बोलणं बंद झालेलं. बोट आली पडद्यावर तसा मी उठलो बंद करायला, तर हिने माझा शर्ट धरला. हाताचं बोट वर केलं — आवाज मोठा कर. मी स्टूलावर चढलो आणि आवाज वाढवत गेलो, होता नव्हता तेवढा. आख्खा वॉर्ड हसायला लागला, टाके घातलेल्या बायका पोटाला उशी दाबून हसत होत्या. मी वळून बघितलं, तर ताईचे खांदे हलत होते. तोंडातून काही येत नव्हतं, पण खांदे बरोबर त्या हसण्याबरोबर, श्वास ओढायचा तिथे श्वास. आया धावत आली, उतर म्हणाली, कमी कर, डॉक्टर येतील. स्टूल हलवायला लागली खालून. मी बटणावरचं बोट काढलं नाही.