बदकांच्या पुढची गोष्ट

तूबाच्या धाकट्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी ती नातवंडं बघायला निघाली आणि हमदानच्या स्थानकावर बसची वाट बघत बसली. शेजारी एक म्हातारं जोडपं इराकात नजफला, मौला अलींच्या कबरीच्या दर्शनाला निघालेलं. यदुल्ला चहाखान्यात मौला अलींची पद्यकथा गाणारा, म्हणून सगळे त्याला ‘मुर्शिद’ म्हणत. गोहर त्याची बायको.

"मौला पहाटे मशिदीला निघतात. बदकं त्यांचा अंगरखा चोचीत धरून ओढतात. पुढे काय होतं, मुर्शिद?"

"साऱ्या इराणला ठाऊक आहे."

"तुमच्या तोंडून नाही. चाळीस वर्षं बदकांपाशी थांबता नि चहा मागता."

"नवस आहे, गोहर. मशिदीतला तो तलवारीचा वार, मौलांचा शेवट, मी त्यांच्या कबरीच्या उंबऱ्यावरच गाणार."

"आणि तिथवर माझा श्वास पुरला नाही तर?"

"डॉक्टर म्हणाला ना, बरं आहे."

"ते तुम्हाला म्हणाला. मला नाही."

"दोनच दिवस, बाई."

"चहाखान्यात बायकांना कुठली जागा? मागच्या दाराशी उभं राहून ऐकलंय मी सगळं."

"उभी असायचीस? कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर आणखी ओरडून गायला असतात."

"नवस मोडेल गं."

"मौला माफ करतील. मी करणार नाही."

"...कान इकडे कर."

बस लागेपर्यंत यदुल्ला तिच्या कानाशी गुणगुणत राहिला. तूबाला शब्द ऐकू आले नाहीत.

गोहर दुसऱ्या दिवशी दुपारी, सरहद्दीच्या अलीकडेच वारली.