आतल्या खिशाचा ब्लाऊज

नाही ताई, हा जुना ब्लाऊज मापाला नको — हा ऑपरेशनच्या आधीचा ना? मग ह्याचा मला काय उपयोग, आता अंग वेगळं, माप वेगळं. टेपच लावायला लागेल. पडदा ओढलाय मी, बाहेरून काही दिसत नाही, आणि दुपारचं ह्या रस्त्याला येतंय कोण — तुमच्या पालेगावच्या टॉवरमधल्या बायका येतात त्या संध्याकाळी. लाजायचं काही कारण नाही. भिमाबाईने पाठवलं ना तुम्हाला? हॉस्पिटलच्या बाकावर ओळख झाली असणार, तिथंच होते सगळ्यांची. तिचा पहिला ब्लाऊज मीच शिवला. आतून अस्तराला एका बाजूला खिसा, खिशात कप. उल्हासनगरला जाऊन फोमचे कप आणले, शिवून दिला, आणि संध्याकाळी बाई परत दारात — मीना, हे वर सरकतंय गं, गळ्याशी येतंय! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, फोमला वजनच नाही ना. मग आत मोहरीची पुरचुंडी घातली. आता जिथं बसवला तिथं राहतो. हात वर करा थोडा. दुखत नाही तेवढाच — बास, बास.

बरी आहे का हो ती? शिरगावला लेकीकडे राहते आता — का गेली ते सांगितलं तुम्हाला? नाही ना सांगितलं. नाहीच सांगणार. आमच्याच गल्लीत होती, समोरच्या लायनीत, वीस-बावीस वर्षं. ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्या गल्लीने डबे दिले तिला, खोटं कशाला बोलू. आणि मग तो व्हिडिओ आला. आमच्या बायकांच्या ग्रुपवर. टाकला कोणी — माझ्या जावेने, सुषमाने. ती वाईट नाहीये हो, पण हाताला काही लागलं की पुढे ढकलायचं, वाचायचं-बघायचं नंतर. त्यात एक माणूस, पांढरा कोट, गळ्यात ते कानाला लावायचं — म्हणतो, ज्या बायका गर्भ पाडतात त्यांनाच छातीचा कॅन्सर होतो, चीनमध्ये रिसर्च झालाय, डॉक्टर लोक लपवून ठेवतात. बस. भिमाबाईचं नाव कोणी घेतलं नाही. एकीने नुसते जोडलेले हात टाकले. आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरताना एक म्हणाली, तरीच. एवढंच, तरीच! नवरा तिचा लवकर गेला ना, त्यात तिने नोकरी केली, कंपनीत, सेकंड शिफ्ट — मग काय, लावा गणितं. ती नाही म्हणाली. पोरीची शपथ घेऊन नाही म्हणाली. तर म्हणतात, हो कोण म्हणेल? आता सांगा, हो म्हटलं तरी मेली, नाही म्हटलं तरी मेली. गेली ती उठून. मागे वळा ताई.

पाठीचा गळा किती ठेवू? बंद? चालेल. हो — तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला काय वाटतं? असेल का खरं? नाही, म्हणजे मला माहितीये, मला वैष्णवीने सांगितलंय, माझी मुलगी, कॉलेजला आहे. तिला मी तो व्हिडिओ दाखवला. रोज दाखवला म्हणा ना. ती आधी चिडली — आई, तुला काय करायचंय? — मग बसली लॅपटॉप घेऊन. म्हणाली पहिलं तर हा माणूस कोण ते बघ. बघितलं, तर तो कॅन्सरचा डॉक्टर नाहीच, आणि त्याच व्हिडिओत शेवटी, तिथपर्यंत कोणी बघतच नाही, तो पावडर विकतोय, गाठ विरघळायची! मग तिने मोठमोठ्या कॅन्सरवाल्या संस्थांचं उघडलं, परदेशातल्या, बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या संघटनांचं, इंग्लिशमधून वाचून मला मराठीत सांगितलं. सगळ्यांचं एकच — संबंध नाही. मी म्हटलं मग एवढं बोलतात ते काय हवेतून? तर म्हणाली, एक बारीक खरी गोष्ट आहे, लवकर मूल झालं, अंगावर पाजलं, तर धोका जरा कमी होतो. आणि त्या खऱ्याला ह्यांनी हे खोटं टाचून दिलंय. कळलं मला. पण कळलं म्हणून काय रात्री झोप लागते का? दुसऱ्या दिवशी परत तेच. दुसऱ्या एका ग्रुपवर दुसराच व्हिडिओ, ह्यात बाई, साडी नेसलेली, किती गोड बोलत होती.

मग मी काय केलं — हसू नका हां — मी विचारायला लागले. माझ्याकडे बायकाच येतात, आणि टेप अंगाला लागला की बाई बोलते, का ते मला माहीत नाही. आधी ह्या, खिशाचा ब्लाऊज शिवायला येणाऱ्या. भिमाबाईमुळे येतात आता, बदलापूरहून येतात, वांगणीहून येतात. हळूच विचारायचं, मुलं किती, मधे काही... असं. एक म्हणाली हो, मोठी दोन वर्षांची नव्हती तर परत राहिलं, पाडलं.  दुसरीपण हो म्हणाली. घरी येऊन वैष्णवीला म्हटलं, बघ, तुझा लॅपटॉप काहीही सांगू दे. ती म्हणाली, आई, साध्या ब्लाऊजवालींना विचारलंस का? मी म्हटलं त्यांना कशाला विचारू, त्यांना काय झालंय? म्हणाली, अगं तेच तर. बरं, त्यांना विचारलं. सगळ्या — छे, भलतंच काय विचारतेस! झालं, मला वाटलं ठरलंच आता. आणि दोन दिवसांनी त्यातली एक परत आली, हूक सैल झालाय म्हणून. हूक काही सैल नव्हता. स्वतःच पडदा ओढला आणि म्हणाली, मीनाताई, त्या दिवशी सासू बरोबर होती माझ्या. मग बँकेतली एक, ती तर फोनवर बोलली, समोर नाही. मग माझ्या भाचीच्या सासरची. सगळ्यांनी कधी ना कधी पाडलेलं, आणि सगळ्या ठणठणीत, धावत्या-पळत्या! वैष्णवी टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली ज्या जुन्या रिसर्चवाल्यांना संबंध दिसला होता ते नेमके इथंच फसले. आजारी बाई आठवून आठवून सगळं सांगते, तिला कारण हवं असतं ना, मलाच का झालं त्याचं. आणि जी धडधाकट आहे ती कशाला सांगेल? जिथं आधीच नोंद करून ठेवली आणि मग वर्षानुवर्षं बघितलं कोणाला होतं ते, तिथं काही फरक निघाला नाही. हे मात्र मला पटलं. कंबर किती विचारलं तर कुठली बाई खरं सांगते? म्हणून तर मी टेप लावते.

तुम्हाला नाही हां विचारत मी. नाही, खरंच नाही. सांगू नका. मी आता बंदच केलंय विचारणं. लोकांच्या जखमेत बोट घालायचं आणि माप घेतेय म्हणायचं, चांगलं नाही ते. उभ्या राहा सरळ, मुंढ्याचं घेते. ही बाजू जरा सैल ठेवते, नाहीतर शिवण टाक्यांवर घासेल.

पण एक मला अजून कळत नाही. वैष्णवीलाही विचारलं मी, की समजा एक बाई आहे, समजा हां — लग्न विसाव्या वर्षी, पोरं दोन, दोन्ही अंगावर पाजलेली, पहिली तर तीन वर्षांची होईपर्यंत सोडत नव्हती, आणि पाडणं वगैरे काही नाही, कधीच नाही, तिला गाठ आली. तर व्हिडिओ खोटा ठरला की नाही? तर म्हणते, आई, एका बाईने काहीच ठरत नाही, ना इकडचं ना तिकडचं. मला राग आला. का नाही ठरत? ती बाई काय माणूस नाही? ती आपली रोज आंघोळीला गेली की हात लावून बघते, आहे का, आहे, तेवढीच आहे का, वाटाण्याएवढी होती आता जरा मोठी लागते का, दुखत नाही हेच वाईट म्हणतात ना — आणि हिचं आपलं, एका बाईने काही ठरत नाही. मग म्हणाली, कोण बाई गं आई?

काय बघताय?

समजा म्हटलं ना मी. शिवायला येतात त्यातली एक. टेप पडला वाटतं — सरका जरा. काय? नाही हो, हात नाही दाबत मी काखेत, मशीनवर बसून बसून खांदा आखडतो. सगळ्या टेलरांचा आखडतो. — काय, किती दिवस झाले? दिवस नाही. गणपतीच्या आधीपासून आहे. आहे म्हणजे... अरे देवा. बसते मी जरा. नाही, पाणी नको, आहे माझी बाटली.

ताई, तुम्ही कोणाला बोलणार नाही ना? भिमाबाईलासुद्धा नाही. तिला तर नकोच, ती रडेल. घाबरत नाही मी, म्हणजे घाबरते, पण कॅन्सरला नाही एवढी. ऐका. वैष्णवीचे पप्पा सौदीला होते सहा-सात वर्षं. दीड-दोन वर्षांनी यायचे, महिनाभर राहायचे. आणि मी इथं दुकान चालवायचे, एकटी, कापड आणायला उल्हासनगरला जायचे, उशीर व्हायचा, व्यापारी फोन करायचे. तेव्हा कोणी काही बोललं नाही. पण मला गाठ आहे म्हटलं की दुसऱ्या दिवशी पाणी भरताना काय म्हणतील? तरीच. हिशोब लावतील, नवरा कुठल्या साली कुठं होता. वैष्णवीचे पप्पा इकडे बाकड्यावर बसून ऐकतील, काही बोलणार नाहीत मला, चांगला माणूस आहे, पण एकदा मनात आलं तर? एकदा जरी आलं? वैष्णवीचं लग्न व्हायचंय. मी ज्याला खोटं म्हणते, मला ज्याचा पुरावा मिळालाय की खोटं आहे, तेच माझ्या अंगावर येऊन बसणार, आणि मी कोणाला सांगू की बायांनो, मी काही नाही केलं? भिमाबाईने सांगून बघितलं की.

हो, कळतंय मला. बहुतेक गाठी साध्या असतात, वाचलंय. वैष्णवीने तेपण वाचून दाखवलं होतं, तिला वाटलं भिमाबाईसाठी विचारते. साधी असेल तर दाखवूनच कळेल, हेपण कळतं. तुमची केवढी होती हो पहिल्यांदा? ... आणि कधी दाखवली? ... लगेच. बरोबर आहे तुमचं. तुमचं बरोबर आहे, तुम्ही टॉवरमध्ये राहता, तिथं शेजारी कोण आहे ते माहीत नसतं. — सॉरी. असं नव्हतं बोलायचं मला. तुम्हालाही कोणीतरी विचारलंच असेल. ... नणंदेने? तुम्ही काय सांगितलं मग? ... काहीच नाही? नुसतं हॉस्पिटलला गेलात?

आज? तुमच्याबरोबर हॉस्पिटलला? आज कशी येऊ, आज दोन ब्लाऊज द्यायचेत, फॉल-पिको पडलंय. तुम्ही जा तुमचं फॉलोअप करून या. मी येईन, पुढच्या आठवड्यात बघू, वैष्णवीची परीक्षा होऊ दे. तिथं लेडी डॉक्टर आहे का पण? ... आणि ती विचारते का, ते? ... विचारलं तर विचारलं, लिहून घेते आणि पुढे जाते, म्हणता. तुमच्या ओळखीने नंबर लागेल? नाही, नको, रिक्षा करू, मी पैसे देणार. थांबा, मी असं बोलतेय जसं काही ठरलंच माझं.

कोण आहे? — कोण आहे बाहेर? सुषमा? थांब, माप चाललंय. ताई, तुम्ही साडी नीट घ्या, मी पडदा धरते. घेतलीत? ये सुषमा. कधीची उभी आहेस? ऐकलंस ना. अशी भिंतीकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ. हो. गाठ आहे. मला आहे. ह्या ताईंबरोबर चाललेय दाखवायला, आत्ता, रिक्षा बोलावतेय. — विचार ना. तोंडाशी आलंय ते विचार. नाही पाडलं मी कधी. आणि पाडलं असतं ना, तरी गेलेच असते, आणि तू माझ्याबरोबर आली असतीस. रडू नकोस. कोणाला लावतेस फोन? ग्रुपवर काय टाकतेस? खाली ठेव तो मोबाइल. सुषमा, खाली ठेव. वैष्णवीला मी सांगणार, मी स्वतः. तुझा ब्लाऊज नाही झालेला, उद्या ये. हो बाजूला, शटर ओढू दे मला.