अर्ध्या चेहऱ्याचा मेकअप

नाही नाही, बोलू नकोस — तोंड मीट, हं, अशी, ओठ सैल सोड. गालाला लावताना माणूस बोलायला लागलं की रेघा पडतात आणि मग पुन्हा पुसा, पुन्हा पहिल्यापासून. तुला काय सांगायचंय ते मला कळलंय — भावाचं लग्न आहे पुढच्या महिन्यात, रेडमंडला, आणि तू मुद्दाम मलाच भेटायला आलीयस. सगळ्याच येतात गं. अख्ख्या पिस्कॅटवेला माहितीये, मॉलमध्ये कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर एक मराठी बाई आहे म्हणून. कुणाची मुंज असली की येतात, पिकनिक असली की येतात, फुकट सँपल न्यायला तर येतातच येतात. आणि ते पाकीट बाजूला ठेव आधी, तिथे टिश्यूच्या डब्याजवळ — कुपनंच असणार, ती शेवटी कॅश रजिस्टरवर बघू. आणि काकू नको म्हणूस इथे. बॅज बघ. मॉली. मालिनी इथल्या गोऱ्यांच्या जिभेला जड जातं, म्हणून मॅनेजरनं पहिल्याच दिवशी मॉली केलं, आणि मी करू दिलं. बारा वर्षं झाली त्याला.

आता ऐक, आमची पद्धत अशी असते, आधी अर्धाच चेहरा करायचा. डावी बाजू पूर्ण, उजवी तशीच. मग हातात आरसा द्यायचा. बाईनं एकदा आपले दोन चेहरे शेजारी शेजारी बघितले ना, की ती बाटली घेतल्याशिवाय उठत नाही. मी शोधून काढलेलं नाही हे, ट्रेनिंगमध्ये शिकवतात, पण माझ्याइतकं कुणाला जमत नाही. मान वर कर. अजून. बघ, तुझी स्किन तेलकट. तेलकट, आणि वर — रागवू नकोस, आपल्या माणसाशी मी खोटं बोलत नाही — वर काळी. गोरी बाई तेलकट असली तर चकाकते. काळी तेलकट असली की कळकट दिसते, आंघोळ करून आली असली तरी. तुझी चूक नाही. नागपूरची म्हणालीस ना? तिथलं ऊनच तसलं. आणि नाव काय म्हणालीस — संघमित्रा. हं. नावावरून कळतं लगेच. नाही गं, आम्ही काही मानत नाही तसलं, मंडळाच्या गणपतीला सगळे येतात. मागच्या वर्षी तुमच्यातलेच एक डॉक्टर आले होते, इतके स्वच्छ, इतकं शुद्ध बोलणं, मी आमच्या पुरुषोत्तमला म्हटलंसुद्धा, अजिबात कळत नाही हो. कौतुकानंच म्हटलं मी. तू भुवई का उचलतेस, भुवई खाली घे, मला पापणी करायचीय.

तेलकट स्किनला काय करायचं, लक्षात ठेव. सकाळी हा अ‍ॅस्ट्रिंजंट, कापसावर घेऊन नुसता टेकवायचा, घासायचा नाही. मग हे ऑइल-फ्री, थेंबभर, ओल्या बोटानं. मग पावडर — ती फासायची नाही, पफनं दाबायची. आणि दर दोन तासांनी नाकाला टिश्यू. जुलैत इथे घाम कसा येतो बघतेसच तू, आणि लग्नात तर होमापाशी बसणार — अच्छा, तुमच्यात होम नसतो. बरं. मेणबत्त्या असतात ना पण, तेच ते. शेडचं म्हणशील तर तुझ्या रंगाची बाटली कंपनी बनवतच नाही. ही शेवटची, ही त्यांची सगळ्यात डार्क, आणि तीसुद्धा मी तुला लावत नाहीये. मी दोन शेड वरची लावतेय. मान जरा राखाडी दिसते मग, पण पदर घ्यायचा, फोटोग्राफरला सांगायचं समोरून काढ. कुणाला कळतंय? माझं कळलं तुला? बघ बघ, नीट बघ. वीस वर्षांहून जास्त दोन शेड वरचीच लावते मी. पुरुषोत्तमलाही कळलेलं नाही. म्हणजे कळलं असेल, बोलत नाही तो. तो उठायच्या आत माझा चेहरा झालेला असतो, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. सासूबाई म्हणाल्या होत्या, फोटोत वेगळी दिसत होती हो ही. पाच माणसांसमोर, मी चहा देत असताना. बशी हातात होती माझ्या. मी हसले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. म्हणून सांगते, मला कळतं तुझं. तुला वाटेल ही बाई टोचून बोलते. मी टोचलं नाही तर लग्नात दुसरं कुणीतरी टोचेल, तेव्हा मी नसेन पावडर घेऊन.

ती बघ, पलीकडे ती सोनेरी केसांची — मान नको वळवू, नुसते डोळे वळव. सेल्फ टॅनरच्या बाटलीचा वास घेतेय. दहा मिनिटं घेईल वास, मग मला बोलावेल. गंमत आहे की नाही? आपण जन्मभर लिंबू चोळतो आणि ह्या पैसे मोजून काळ्या होतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तर रांग लागते. मी सगळ्यांना तेच तेच सांगते — आधी आंघोळ, मग कोपर आणि गुडघ्याला कमी लावायचं कारण तिथे गडद बसतं, लावून झालं की तळहात साबणानं धुवायचे, नाहीतर तळहात नारिंगी. आणि सेन्सिटिव्ह स्किन असेल तर आधी कोपराच्या आत थोडंसं लावून एक दिवस थांबायचं. आणि एकदा रंग चढला की घासून जात नाही, कातडी आपोआप झडेल तसा जातो, पाच-सहा दिवस. हे मी झोपेतसुद्धा सांगेन. माझ्याच घरात माझ्याच टेस्टरच्या बाटलीनं हा तमाशा होईल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

माझी मुलगी. रुपाली. इथलाच जन्म. रंगानं पुरुषोत्तमवर गेली, माझ्यावर नाही, देवाची कृपा — पण स्किन अशी की नवा साबण वापरला तरी पुरळ. श्याऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट, दोन वर्षं झाली. कॉलेज संपलं होतं तिचं, आणि मी एक स्थळ आणलं होतं, असं स्थळ की मंडळातल्या निम्म्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. प्रसन्न नाव मुलाचं, पुण्याचा, श्रूजबरीला नोकरी. त्याची आई खास पुण्याहून आलेली, आणि दोघं गाडीनं आमच्याकडे यायचे होते, रविवारी, साडेबाराला. मी पत्रात लिहिलं होतं, मुलगी गोरीपान आहे, खाली दोन रेघा मारून. का नाही लिहिणार? होतीच. आणि रविवारी सकाळी ही खोलीतून बाहेर आली — काळी. काळी म्हणजे तपकिरी, नारिंगीकडे झुकलेली, कपाळापासून गळ्यापर्यंत, कानामागेसुद्धा. नीट लावलं होतं, माझीच मुलगी. तळहात धुतले होते. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, यू सेड शी वॉन्ट्स टू सी माय कलर. सो लेट हर सी. आणि सीरियल खात बसली.

तू मला सांग, कुठल्या आईनं काय केलं असतं? घासून जात नाही हे मला माहीत होतं, मीच सांगते ना रोज. पाच-सहा दिवस थांबायचं. माझ्याकडे साडेतीन तास होते. आधी लिंबू आणि बेकिंग सोडा, त्यानं नुसतंच लाल झालं. मग माझ्याकडे ते ब्लीच होतं, ओठावरच्या लवेला लावायचं. डब्यावर लिहिलंय, आठ मिनिटं. सेन्सिटिव्ह स्किनला लावू नये हेही लिहिलंय. मी पंचवीस ठेवलं. ती म्हणत होती, आई, जळतंय — मराठीत म्हणत होती, एरवी मराठीचा शब्द निघत नाही तोंडातून. मी हात धरून ठेवले होते तिचे. बावीस वर्षांची मुलगी, झटकून उठली असती तर मी काय करणार होते? नाही उठली. मला वाटलं, पटलंय तिलाही. पुसलं तर रंग गेला नव्हताच, आणि डाव्या गालाची साल कापसाबरोबर आली. एवढीशी. अक्रोडाएवढी. डॉक्टरकडे का नाही नेलं म्हणून विचारू नकोस, साडेबारा वाजत आले होते. मी तिला खोलीत बसवलं आणि त्या बाईंना दारात सांगितलं, हिला अचानक कांजिण्या आल्यात. त्या चपला न काढताच मागे फिरल्या. मुलगा गाडीतून उतरलासुद्धा नाही. शिरा तसाच राहिला, चार दिवस आम्ही दोघंच खात होतो. ती जेवायला बाहेर आली नाही, आणि सप्टेंबरात नोकरी घेऊन निघून गेली, तिकडे, त्या सॉफ्टवेअर कंपनीत, रेडमंडला.

रेडमंडलाच. तूही रेडमंडच म्हणालीस ना मघाशी. असतील तिकडे बरीच आपली मुलं आता. किती मोठं आहे गाव? लहान आहे? — थांब, मान हलवू नकोस, मी विचारलं तरी मान हलवायची नसते. तुझा भाऊ काय करतो तिथे? बोल, आता बोल, झालंय ओठाचं. बरं. त्याच कंपनीत. आणि मुलगी कोण आहे, तुमच्यातलीच का? तू त्या पाकिटाकडे काय बघतेस सारखी. दे इकडे. कुपनं नाहीत ही.

हे अक्षर मला माहितीये. हे अक्षर मी गिरवून घेतलंय, किचनच्या टेबलाशी, दर रविवारी सकाळी, कार्टून बंद करून. आई. एवढंच लिहिलंय वर, पत्ता नाही. पत्ता घातला असता तर परत गेलं असतं ना, आधीची दोन गेली तशी — न उघडता पाठवली मी, हो, पुरुषोत्तमला दाखवलीसुद्धा नाहीत. म्हणून तुला पाठवलं. आणि तू इथे बसून राहिलीस, मी बोलत होते आणि तू गुपचूप चेहरा पुढे करून बसलीस. तू बोलायला गेलीस आणि मीच गप्प केलं, असं म्हणायचंय तुला? ठीक आहे. मीच केलं.

एक विचारते. दोन शब्दांत सांग, बाकी मला काही नको. तिच्या गालावर — आहे अजून? आहे. झाकते कशानं? झाकत नाही. झाकत नाही म्हणजे काय, ऑफिसला जाते तशीच, लोकांत? मेकअप करतच नाही? आणि लग्नात? फोटोत? इथलं एक कन्सीलर आहे, तो डाग दिसणारसुद्धा नाही, मी हातानं — नको म्हणाली असेल. म्हणालीच असेल. आणि तुझ्या भावाला चालतो डाग. काय नाव त्याचं? धर्मराज. रंगानं तुझ्यासारखाच असेल. म्हणजे त्या दिवशी बाटलीतून केलं ते आता कायमचं करतेय ती, मुलाबाळांसकट. हसू नकोस. हसत नाहीयेस? मग काय करतेयस, डोळ्याचं काजळ उतरेल, मी आत्ता लावलंय.

ऊठ. मी येणार नाही, असं सांग तिला. पुरुषोत्तमला मी सांगणार नाही, तूही सांगायचं नाहीस. पाकीट उचल. नाही उचलत? राहू दे मग तिथे, बंद झाल्यावर सफाईवाले सगळंच नेतात. आरसा कशाला हवाय, काय बघायचंय त्यात? उजवी बाजू मी करणार नाही. जा अशीच अर्धी. आणि इथे पुसू नकोस, लोक बघतायत, लेडीज रूम वरच्या मजल्यावर आहे, भांडी आणि चादरी आहेत त्याच्या मागे. जा ना. मला गिऱ्हाईक आलंय.

येस मॅम, हाय, आय अ‍ॅम मॉली. दॅट वन इज लव्हली, व्हेरी नॅचरल. सेन्सिटिव्ह? ओ, देन यू मस्ट टेस्ट इट फर्स्ट, हनी. जस्ट अ लिटल, इनसाइड द एल्बो. अँड देन यू वेट.