ढोलकी कुणाची?

कॉम्प्युटरच्या स्मरणशक्तीचं मला सांगू नका, मी दत्तोबा पाहिलेत. सीडी नव्या होत्या तेव्हा मी विश्रामबागेत कॉम्प्युटर घेतला आणि जमवलेल्या सीडींवरच्या सगळ्या लावण्या त्यात भरल्या. त्या शहाण्यानं प्रत्येकीला नाव दिलं 'ट्रॅक' आणि पुढे नुसता आकडा! मग इस्लामपूरहून दत्तोबांना बोलावलं. त्यांचा जन्म फडात ढोलकी वाजवण्यात गेलेला. ते दोन ओळी ऐकून गाणारीण, पेटीवाला, ढोलकीवाला सांगत. मी टाइप करायचो.

मी म्हटलं, "अहो, कव्हरवर दुसरीच बाई छापलीय."

"छापणारा ऐकत बसला हुता व्हय रं?"

एका लावणीला मात्र म्हणाले, "ढोलकी कुनाची ठावं न्हाई, आसं लिव."

मी लिहिलं. निघताना चपला घालून ते परत आत आले.

"गड्या, खोटं लिवलंस. त्यो मीच हाय."

"मग तेव्हाच सांगायचं की!"

"दुसऱ्या कडव्यात ठेका चुकलाय माजा. आता नाव घाल, पर चूक बी लिव."

दोन्ही लिहिलं. तेव्हापासून ती लावणी ऐकतोय. ती चूक मला अजून सापडलेली नाही.