राजाचं अर्धं काम

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी आणि एक आजोबा बोलत होते. पूर्वी दोघं एकाच नाट्यमंडळात काम करत असावीत.

“राजे, रविवारी या. मंडळाला पन्नास वर्षं झाली. आजवरच्या सगळ्या नाटकांचे फोटो लावलेत.”

“माझ्यामुळे बंद पडलं, त्याचाही लावलाय का, ताई?”

“बंद कुठे पडलं? तुम्ही वाक्य विसरलात आणि विंगेत गेलात, एवढंच.”

“विंगेतून थेट घर गाठलं मी. दाढीमिशाही काढल्या नव्हत्या. आता कोणत्या तोंडानं येऊ?”

“अहो, प्रयोग पूर्ण झाला. दिग्दर्शक असूनही मास्तर स्वतः हातात संहिता घेऊन उभे राहिले आणि राजाचं काम त्यांनी वाचून केलं. लोक शेवटपर्यंत बसले.”

“मला हे कुणी सांगितलं नाही.”

“तेच सांगायला मास्तर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले होते. वहिनी म्हणाल्या, बाहेर गेलेत.”

“मी आतल्या खोलीत होतो. मीच तिला तसं सांगायला लावलं.”

“ठाऊक होतं त्यांना.”

“कसं?”

“तुमच्या चपला दारातच होत्या. म्हणून तर ते बराच वेळ पायरीवर बसून राहिले.”

“पायरीवर? माझ्या?”

“राजे, तुम्हाला आत बोलावतायत.”

“तुम्ही जा आधी, ताई. मी जरा बसतो.”