गुडघ्याखालची उशी

—नाही गं जेसिका, दुखण्याचं म्हणत नाहीये मी. दुखणार हे धरूनच गेले होते. मला भीती होती ती भुलीची, पाठीत सुई घालतात तिची, हाड कापतानाचा आवाज ऐकू येतो म्हणे त्याची — आमच्या हेमांगीच्या आत्याने बोळिंजहून मुद्दाम येऊन सगळं रंगवून सांगितलं होतं, सुनेची आत्या म्हणजे ऐकून घ्यावंच लागतं — आणि प्रत्यक्षात काय? काही नाही. कुठेतरी लांब सुतारकाम चाललंय असं वाटलं दोन तास, एवढंच. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून संडासापर्यंत गेले. सगळे म्हणाले, वा. मग घरी आले, या पलंगावर पाठ टेकली, आणि कळलं की ऑपरेशन ते नव्हतंच. ऑपरेशन हे आहे. झोपायचं कसं, हे.

बस जरा, मोजशील मग. ते तुझं कोनमापक ठेव बाजूला. काल मोजलंस तेवढं पुरे झालं — बारा अंश. पहिल्या आठवड्यात पाच होते, आता तिसऱ्यात बारा. लोकांचा पाय दिवसागणिक सरळ होतो नि काकींचा वाकडा होत चाललाय, असंच म्हणालीस ना? आणि सहा आठवड्यांत सरळ झाला नाही तर तसाच आखडून बसेल, मग नवा गुडघा असून काठी जन्माची. ऐकलंय मी. गुडघा बदललाय, कान नाही. — आणि दार लोटून घे. हे बाहेर पडवीत बसलेत.

तू दिलेला तो कागद, तो बघ, तिथं कपाटाला चिकटवलाय हेमांगीने. रोज बघते मी. पहिल्या चित्रात बाई उताणी झोपलीय, पाय सरळ, टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल — बरोबरची खूण. दुसऱ्या चित्रात तीच बाई, गुडघ्याखाली उशी — त्यावर लाल फुली. तिसऱ्यात कुशीवर, पण बऱ्या पायाच्या कुशीवर, दोन पायांमध्ये उशी. चांगली काढलीत चित्रं. तिकडे ग्लासगोला शिकवतात का चित्रं काढायला पण? चार वर्षं थंडीत राहिलीस, तुझी आई चर्चला मिसाला जाताना रोज सांगायची, जेसिका येणार, इथंच काम करणार, विरारला दवाखान्यात बसणार नाही, घराघरात जाणार, आपल्या बायकांचे गुडघे सुधारणार. मला बरं वाटायचं ऐकून. अजून वाटतं. पण एक सांगू? त्या चित्रातल्या बाईच्या शेजारी कुणी झोपलेलं नाही. पलंग तिचा एकटीचा आहे. तिला काय, ती कशीही झोपेल.

हसू नकोस. नीट ऐक. हा पलंग भिंतीला लागून होता. भिंतीकडे मी, दाराकडे हे. आणि मी झोपायची डाव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे. एक-दोन वर्षं नाही, अडतीस वर्षं. तो चुना मला पाठ झालाय, कुठे पोपडा आहे, कुठे खिळ्याचं भोक आहे. आता ऑपरेशन झालं डाव्या गुडघ्याचं. म्हणजे डावी कूस बंद. उजवीकडे वळावं तर तोंड ह्यांच्याकडे. उरलं काय? उताणं. उताणं म्हणजे दोघं शेजारी शेजारी, वर बघत, पंखा मोजत, आणि शेजारचा माणूस जागा आहे की झोपलाय हे त्याच्या श्वासावरून कळतं, ते कळून घ्यायची मला इच्छा नव्हती. त्यात तू म्हणालीस उतरायला जागा हवी, पलंग ओढा भिंतीपासून. ओढला दोन हात. माझी भिंतसुद्धा काढून नेलीस तू.

का म्हणजे? सवय. — सवय कशी लागते? एका रात्रीत लागते. आता विचारलंसच तर सांगते, नाहीतरी सांगणारच होते, नाही, सांगणार नव्हते, पण आता राहू दे. तेव्हा आमचा पानमळा होता. नागवेलीची पानं. तुला आठवायचं नाही, तुझ्या जन्माआधीच वेली गेल्या. पानं खुडून आणायची, मग आम्ही बायकांनी उकिडवं बसून एकेक पान पुसायचं, डागाळलेलं काढायचं, देठाला देठ लावून चळत रचायची, टोपलीत केळीचं ओलं पान घालून भरायची. सकाळी बसलं की संध्याकाळी उठायचं. हे गुडघे तिथंच गेलेत, डॉक्टर उगाच म्हणतात वयामुळे, वजनामुळे. तर त्या दिवशी मोठा माल निघायचा होता, दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीवर चढवायचा. मी आत पानं लावत बसलेली. दुपारी माझा भाऊ केळव्याहून आला, प्रल्हाद. आईला अचानक जास्त झालंय, ताईला पाठवा. ह्यांनी त्याला अंगणातच पाणी दिलं, सांगतो म्हणाले, आणि तो लगेच उलट पावली गाडी पकडायला पळाला, आईपाशी कुणी नव्हतं म्हणून. मला काहीच माहीत नाही. मी पानं लावतेय. कुणी आलं होतं का विचारलं, तर म्हणाले, रोपं बघायला आला होता एक जण. दुसऱ्या दिवशी माल गेल्यावर, उन्हं चढल्यावर म्हणाले, तयारी कर, तुझ्या आईला बरं नाही. मी पोचले तेव्हा माणसं परत येत होती, ओल्या अंगाने. प्रल्हाद म्हणाला, ताई, काल दुपारीच तर सांगून गेलो होतो मी.

रडू नकोस गं. मीच रडले नाही तेव्हा, तू कशाला? तेरा दिवस करून आले, रात्री पलंगावर पडले आणि भिंतीकडे वळले. बस. एक शब्द विचारला नाही. भांडले नाही. जेवायला वाढलं, लग्नाकार्यांत शेजारी उभी राहिले, गौरी आणल्या, देवेंद्रचं लग्न केलं, कुणाला काही कळलं नाही. देवेंद्र तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला भावंड का नाही म्हणून सगळी विचारायची, सासूबाई तर नवस बोलून थकल्या. — जाऊ दे ते. ते कशाला सांगतेय मी तुला. तुझं लग्न व्हायचंय अजून.

उशीचं विचारत होतीस. हॉस्पिटलातून आल्यावर दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. पाय सरळ ठेवला की आतून असं ओढतं, जणू कुणी ओलं कापड पिळतंय. तिसऱ्या रात्री मी डोळे मिटून पडलेली. ह्यांना वाटलं झोपले. हे उठले, फिरून माझ्या बाजूला आले, आणि आपल्या डोक्याखालची उशी दुमडून माझ्या गुडघ्याखाली ठेवली. इतक्या हलक्या हाताने की मी जागी नसते तर कळलंही नसतं. आणि काय सांगू जेसिका, गुडघा त्या उशीवर टेकला आणि सगळं ओढणं थांबलं, आणि मी झोपले. लहान मुलासारखी झोपले. पहाटे हे उठून उशी काढून घ्यायचे, चहाला जायचे. रोज. स्वतः रात्रभर हात डोक्याखाली घेऊन झोपायचे, या वयात, मान धरलीय त्यांची, बघितलं नाहीस?

माहीत होतं. हो, माहीत होतं मला. दुसऱ्याच दिवशी तू कागद दिलास, लाल फुली दाखवलीस, समजावून सांगितलंस की गुडघ्याखाली उशी म्हणजे आज आराम नि उद्या आखडलेला पाय. मला वाचता येतं. तरी गप्प राहिले. का? झोप लागते म्हणून, असं तुला सांगितलं असतं मी. पण ते खरं नाही. अडतीस वर्षांत या माणसाने न सांगता माझ्यासाठी केलेली ही एक गोष्ट, आणि ती चुकीची. बरोबर करा असं सांगायचं तर बोलायला लागलं असतं. आणि एकदा बोलायला लागले की मी उशीपाशी थांबले नसते.

म्हणून काल तू विचारलंस, काकी, उशी कोण ठेवतं, तेव्हा मी म्हटलं, हेमांगी. ती शाळेत शिकवून येऊन चपला काढत होती. कसं आलं तोंडातून मलाच कळलं नाही. आणि तू तिला सुनावलंस — छान बोलतेस हं तू, तळमळीने बोलतेस, एक पाय म्हणजे एका बाईचं सगळं स्वातंत्र्य, तुम्ही शिकलेल्या असून असं कसं करता — आणि ती बिचारी उभी, हातात पिशवी, माझ्याकडे एकदा बघितलं नि तुला म्हणाली, सॉरी, यापुढे ठेवणार नाही. हे तिथंच होते. या खुर्चीत. पेपर वाचत. मी वाट बघितली. आत्ता बोलतील, आत्ता म्हणतील की मी ठेवतो. पेपरचं पान उलटलं ह्यांनी. दुसरं कुणीतरी बोलणी खातंय, खाऊ दे. प्रल्हादला अंगणात पाणी देऊन वाटेला लावणारा तोच हा माणूस. उशी दिली म्हणून बदलला असं मला वाटायला लागलं होतं, त्याची लाज वाटली मला. — आणि मी तरी काय, मीच आळ घातला होता ना तिच्यावर. ते समजतं मला.

काल रात्री परत आले उशी घेऊन. तू एवढं सांगूनही. मी डोळे उघडे ठेवले होते. म्हटलं, "प्रल्हाद आदल्या दिवशीच दुपारी येऊन गेला होता. मला माहीत आहे." बस, एवढंच म्हटलं, कुठला प्रल्हाद, कुठला दिवस, काही नाही. हे उशी पोटाशी धरून उभे राहिले. वाटलं विचारतील, हे काय आता मधेच. नाही विचारलं. म्हणाले, "पानं भरायची होती."

कळलं तुला? शोधावं लागलं नाही त्यांना उत्तर. तयार होतं, जिभेवर होतं. म्हणजे मी भिंतीकडे का वळले ते पहिल्या रात्रीपासून माहीत होतं ह्यांना. मी समजत होते, मी एकटी ते सांभाळतेय, ह्यांना वाटत असेल बाईचा स्वभावच असा. आणि हे माझ्या पाठीकडे बघत अडतीस वर्षं झोपले, माहीत असून, एकदा म्हणाले नाहीत की चुकलं. आणि तेवढं बोलून झाल्यावर काय केलं सांगू? वाकले, आणि उशी ठेवली गुडघ्याखाली. नेहमीसारखी. हलक्या हाताने.

मी ओढून काढली आणि त्यांच्या बाजूला टाकली. टॉवेल मीच गुंडाळला, टाचेखाली कसा सरकवला ते माझं मला माहीत. उजाडेपर्यंत दात आवळून पडले. हेही जागे होते. कळतं श्वासावरून.

सकाळी हेमांगी शाळेत निघाली तशी हाक मारली तिला. हे चहा पीत होते, ह्यांच्यासमोरच सांगितलं, काल मी तुझ्यावर ढकललं, उशी हे ठेवायचे नि मला ठाऊक होतं. तर म्हणते कशी, माहीत आहे आई, मी पाच वाजता उठते तेव्हा दारातून बाबा तुमच्या पायाखालची उशी काढताना दिसतात. म्हणजे तिलाही माहीत. या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, बोलायचं तेवढं राहतं. ह्यांनी कप खाली ठेवला. मी तिला म्हटलं, संध्याकाळी देवेंद्र आला की मला पुढच्या खोलीतला दिवाण लावून द्या, खिडकीशी. आजपासून मी तिथं झोपणार, एकटी. ती म्हणाली, पाय बरा होईपर्यंत ना? म्हटलं, नाही. पाय बरा झाल्यावरसुद्धा. खिडकी रस्त्यावर उघडते, मिसाला जाणाऱ्या बायकांना दिसेन सकाळी, तुझ्या आईलाही, जेसिका. विचारू देत. इतकी वर्षं कुणाला कळू नये म्हणून एका पलंगावर भिंतीकडे तोंड करून काढली. आता कुणाला कळायचं असेल तर कळू दे, मला हातपाय पसरून झोपायचंय.

काय? — नको. मला माहीत आहे तू काय म्हणणार आहेस, तुझ्या तोंडावर दिसतंय, दोघांना समोरासमोर बसवून बोलायला लावायचं आहे तुला. तुझ्या वयाला ते शोभतं. पण तू पाय सरळ करायला येतेस इथं, तेवढाच कर. चल, धर. वरून दाब. अजून. मी ओरडले तरी सोडू नकोस, आणि बाहेरून कुणी काय झालं विचारलं तर उत्तर देऊ नकोस.