दोन अध्यक्ष आणि आमचे काका

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष देवधरकाका तुम्हाला माहीत नाहीत, हे तुमचं नशीब. परवा सभा होती, ती फक्त नवा अध्यक्ष निवडायला. इथे जर्मनीत संस्था नोंदवली की ठरलेल्या मुदतीने निवडणूक घ्यावीच लागते.

काकांनी सुरुवात केली ती थेट अमेरिकेपासून. "त्यांचा पहिला अध्यक्ष दोनदा निवडून आला आणि लोक थांबा म्हणत असताना घरी गेला. याला म्हणतात नेतृत्व. नाहीतर हा आत्ताचा. खुर्ची सुटता सुटत नाही."

हे पाऊण तास चाललं. मग घड्याळ बघून म्हणाले, "आल्झो, तर मग, सहाला हॉल रिकामा करून द्यायचाय. मतदानाला वेळ नाही, तर यंदाही मीच सांभाळतो."

हे सलग पाचव्यांदा. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, त्या पहिल्यासारखं तुम्हीही घरी जा की."

काका काही बोलायच्या आत त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, चहाचा थर्मास खाली ठेवला. "नको रे," त्या म्हणाल्या, "घरी मी असते."

काका एकमताने निवडून आले.